पेटंटच्या फॉर्मवर ॲम्ब्युलन्सवाल्याचं नाव का नको?

संपादक साहेब, नमस्कार.

नवीन ॲम्ब्युलन्स आली की पेपरात फोटो येतो, फीत कापणारे ओळीनं उभे, आणि ज्याला आत बसून पेशंट सांभाळायचाय तो ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) बहुतेक वेळा फोटोच्या बाहेर. फोटोचं जाऊ द्या, पण पेटंटमधे पण हेच होऊन राहिलंय म्हणून लिहितोय.

माझं इंदूरात सांवेर रोडला छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे. इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलचं काम आलं, पेशंटबरोबर हलणारा स्टँड बनवायचा. आयसीयूतला सिरियस पेशंट दुसरीकडे न्यायचा असला की मॉनिटर त्याच्या पायांमधे ठेवतात, सिरिंज पंप (औषध हळूहळू सोडणारं मशीन) गादीवर आडवे, सिलेंडर वॉर्डबॉयकडे आणि सलाईनची बाटली नातेवाईकाच्या हातात, "काका, हात वर ठेवा". काकांचा हात दुखून खाली आला की नळीत रक्त उलटं चढतं. चाकांचा स्टँड लिफ्टच्या फटीत अडकतो ते वेगळंच.

इंजिनियर लोकांचं ड्रॉइंग छान होतं, लॅपटॉपवर गोल फिरवून पण दाखवलं. सोबत एक ईएमटी आला होता, तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "भैया, हे गाडीत घुसणारच नाही." उंची बेडच्या हिशोबानं धरलेली, ॲम्ब्युलन्सचं छत कुणाच्या डोक्यातच नव्हतं! मग त्याच्याकडून एकेक निघत गेलं. स्क्रीन पेशंटच्या डोक्याकडे वळली पाहिजे कारण आम्ही तिथं बसतो, सिलेंडरची चावी साखळीनं तिथंच बांधा कारण ऐन वेळी तीच सापडत नाही, आणि क्लॅम्प ग्लोव्ह्ज घालून एका हातानं फिरला पाहिजे, दुसरा हात ॲम्बू बॅगवर (दाबून श्वास द्यायची पिशवी) असतो. बी टाईप सिलेंडरमधे साधारण १५०० लिटर ऑक्सिजन, मिनिटाला १० लिटरनं सोडला तर अडीच तास, ते पण कागदावर, म्हणून दुसऱ्या सिलेंडरची जागा त्यानंच काढून घेतली. स्टँड पडू नये म्हणून सगळं वजन खाली घेऊन स्ट्रेचरच्या रेलिंगला लॉक करायची आयडिया पण त्याचीच. युरोपच्या ॲम्ब्युलन्स स्टँडर्डमधे, ईएन १७८९ मधे, सामान १० जी चा झटका सोसेल असं बसवायला सांगितलंय, म्हणजे ३ किलोचा मॉनिटर त्या क्षणी ३० किलोसारखा ओढतो, आणि ब्रेक मारल्यावर काय होतं हे गाडीत बसणाऱ्याला स्टँडर्ड न वाचता माहीत असतं.

चौकोनी पाईपचा पहिला पीस फार जड झाला, ॲल्युमिनियमचा जमला. आणि पेटंटच्या अर्जाचा ड्राफ्ट बघितला तर इन्व्हेंटर, म्हणजे शोध लावणारे, म्हणून दोन इंजिनियर आणि एक मोठे डॉक्टर. ईएमटीचं नाव नाही. विचारलं तर म्हणे तो युजर आहे, त्यानं फीडबॅक दिला. अहो, फीडबॅक म्हणजे "छान आहे, थोडं हलकं करा". मी वेल्डिंग केलं म्हणून मी इन्व्हेंटर होत नाही, सांगितलं ते बनवलं, पण ज्यानं लॉक सुचवला तो कसा नाही?

पेटंट कायदा १९७० चं कलम २८ ह्याचसाठी आहे. हक्क दुसऱ्याच्या नावावर असले तरी पेटंटवर इन्व्हेंटर म्हणून नाव लावून मागता येतं, फक्त पेटंट मिळायच्या आधी मागायला हवं. त्यानं पैशाचा हक्क मिळत नाही, नाव मिळतं. स्वतः करायचं असेल तर माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये (पुढे तपासणीची वेगळी), आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) टाकून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. मात्र अर्जाआधी व्हिडिओ फिरवू नका, नंतर कुणीही म्हणेल की हे तर आधीच जाहीर होतं.

आणि हे काही आजचं नाही. इमर्जन्सीत दिसते ती क्रॅश कार्ट, म्हणजे जीव वाचवायच्या औषध-सामानाची ढकलगाडी, तिचा एक सुरुवातीचा नमुना १९६७ च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या ॲनिटा डॉर ह्या इमर्जन्सी नर्सनं नवऱ्याला हाताशी धरून घरी बनवला होता. आपल्याकडे एसजीएसआयटीएस हे इंजिनियरिंग कॉलेज आहे, सिमरोलला आयआयटी आहे, त्यांच्या पोरांनी ड्रॉइंग काढायच्या आधीच एखाद्या ईएमटीला समोर बसवावं, नंतर सही घ्यायला नाही.

आमचा अर्ज अजून फाईल व्हायचाय, नाव घालायला वेळ आहे. हॉस्पिटलवाले आपला पेपर रोज वाचतात म्हणून इथंच लिहिलं.

आपला,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर