कर्करोग तपासणीचे प्रशिक्षण एका दिवसात उरकू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी बोलताना ज्या अभ्यासाचा दाखला जगभर दिला जातो, तो आपल्या धाराशिव जिल्ह्यात झाला, हे जिल्ह्यातल्याही फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या कामाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. गावोगावी जाऊन हे नमुने घेणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका होत्या.

असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयोगटातल्या फक्त १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात कधीतरी एकदा झालेली होती. सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका म्हणून माझे आयुष्य गेले आहे, आणि माझ्या मते या आकड्यामागे निधीच्या तुटवड्याइतकाच प्रशिक्षणाचा उथळपणा आहे.

सध्या आपल्याकडे मुख्यतः व्हीआयए ही तपासणी केली जाते. गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्लाचे सौम्य द्रावण लावायचे आणि मिनिटभराने तिथे पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, इतकी ती स्वस्त आणि सोपी वाटते. पण सूज आणि जंतुसंसर्ग यांमुळेही पांढरेपणा दिसू शकतो, आणि खरा डाग कोणता हे ओळखणारी नजर अनेक स्त्रिया तपासल्याशिवाय तयार होत नाही. धाराशिवच्या त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयए तपासणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना नीट प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी व्हीआयए तपासणीच्या चार फेऱ्या घेतल्या गेल्या, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पदवीपेक्षा प्रशिक्षण, देखरेख आणि पुन्हा पुन्हा तपासणी यांना किती महत्त्व आहे, हे यावरून मला पुरेसे स्पष्ट दिसते.

प्रत्यक्षात मी पाहिलेली प्रशिक्षणे एका दिवसाची होती. सकाळी पडद्यावर चित्रे दाखवायची, दुपारी जेवण, संध्याकाळी हजेरीपत्रकावर सह्या. त्यानंतर तपासणी शिबिरात उभ्या राहिलेल्या परिचारिकेला शंका आली, तर विचारायला जवळ कोणी नसे. ती बिचारी संशयित डाग 'सामान्य' लिहून मोकळी होई किंवा सगळ्यांनाच जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देई. माझी विनंती आहे की जिल्ह्यातल्या निवडक परिचारिकांना काही आठवडे प्रत्यक्ष बाह्यरुग्ण विभागात, अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हाताखाली शिकवावे आणि वर्षातून एकदा त्यांच्या कामाची फेरतपासणी व्हावी. आशाताईंनाही तोंडाच्या कर्करोगाची तपासणी शिकवावी, कारण गावात कोण मिश्री लावते आणि कोणाच्या तोंडात दिवसभर तंबाखू असते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

तपासणीनंतरची वाट तर आणखी अवघड आहे. कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेतला डाग उष्णतेने किंवा अतिथंड उपकरणाने बाह्यरुग्ण विभागातच नष्ट करता येतो, त्यासाठी बहुधा भूलही द्यावी लागत नाही. पण ते करणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि डागाचा काढलेला तुकडा तपासून वेळेत अहवाल देणारा पॅथॉलॉजिस्ट जिल्ह्यात नसेल, तर त्या बाईच्या हाती फक्त एक भीतिदायक कागद उरतो. शेतमजुरी करणारी बाई अहवालासाठी तीनदा खाडा करत नाही. ती घरी बसते, आणि रक्तस्राव थांबेना झाला की सुमारे चारशे किलोमीटरवरच्या मुंबईतल्या परळला, टाटा रुग्णालयात निघते. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकून राहणारी कुटुंबे मुंबईकर रोज पाहतात. त्यांपैकी अनेकांचे निदान कितीतरी आधी, आपल्याच तालुक्यात होऊ शकले असते.

देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे २०१२ पासून आहे. अवघड रुग्णांवर तज्ज्ञांची ऑनलाइन चर्चा त्यातून होते. जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना तीत नियमित बसवले, तर कोणाला मुंबईला पाठवायचे आणि कोणावर इथेच उपचार करायचे, हे त्यांना ठरवता येईल.

आरोग्य विभागाने तपासलेल्या स्त्रियांच्या संख्येबरोबर आणखी तीन आकडे दर सहा महिन्यांनी जिल्हावार जाहीर करावेत: किती जणींची तपासणी संशयास्पद आली, त्यांपैकी कितींचा तुकडा तपासला गेला आणि कितींचे उपचार प्रत्यक्ष सुरू झाले. आपल्या वृत्तपत्राने हे आकडे मागून घेऊन छापावेत, अशी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, धाराशिव