मेला म्हणून स्विच फेकू नका, आधी कन्सोल केबल लावून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर अपडेटबद्दल एक लेख आला होता, त्यात म्हटलं होतं की अपडेट चालू असताना लाइट गेली तर यंत्र बाद झालं समजा आणि नवीन घ्यायची तयारी ठेवा. मोबाइलचं सोडा, पण नेटवर्क स्विचला (ऑफिसातले संगणक केबलने एकमेकांना जोडणारा डबा) हे बहुतेक वेळा लागू पडत नाही, आणि असं वाचूनच लोक चांगले चालणारे २४-२४ पोर्टचे डबे भंगारात काढतात हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून हे पत्र.

होतं काय, की अपडेट करताना स्विचच्या सॉफ्टवेअरची मोठी फाइल म्हणजे इमेज फ्लॅशमध्ये (आतल्या कायमच्या मेमरीत) अर्धवट लिहिली जाते आणि वीज परत आल्यावर स्विच तीच मोडकी इमेज उचलायला जातो, जमत नाही, परत रीस्टार्ट, परत तेच. बाहेरून दिसतं काय तर पंखा फिरतोय, एक दिवा लुकलुकतोय आणि पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर नाही. पण इमेज उचलून स्विच सुरू करणारा बूटलोडर नावाचा जो छोटासा प्रोग्राम असतो तो वेगळ्या जागी बसलेला असतो आणि साध्या अपडेटमध्ये त्याला सहसा कोणी हात लावत नाही. तो जिवंत आहे तोवर स्विच जिवंत. त्याच्याशी बोलायचं तर नेटवर्क केबल बरेचदा कामाची नाही, कन्सोल पोर्टच (स्विचशी सिरीयल केबलने थेट बोलायची जागा) लागतो. (काहींच्या बूटलोडरला टीएफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत, येतं, असेल तर खुशाल वापरा, मिनिटात काम होतं.)

आता माझी फजिती सांगतो. ऑफिसातला एक स्विच असाच अपडेटमध्ये गेला. कन्सोलची ती चपटी निळी केबल सापडली, लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही म्हणून यूएसबीचा अडॅप्टर लावला, टर्मिनल (कन्सोलशी बोलायचा लॅपटॉपवरचा प्रोग्राम) उघडलं आणि स्क्रीनवर नुसता कचरा, प्रश्नचिन्हं आणि चौकोन. अर्धा तास मी केबलला शिव्या घालत होतो. केबल ठीक होती, स्पीड चुकला होता! त्या स्विचच्या कन्सोलचा स्पीड होता ९६०० (सेकंदाला इतके बिट) आणि मी आधीच्या कुठल्या तरी कामाचा ११५२०० तसाच ठेवला होता. कचरा दिसतोय म्हणजे वायर बोलतीये, फक्त स्पीड जुळत नाहीये, हे तेव्हा कळलं असतं तर अर्धा तास वाचला असता. काहीच दिसत नसेल तर मात्र केबल, ड्रायव्हर नाहीतर चुकीचा कॉम पोर्ट (लॅपटॉपने अडॅप्टरला दिलेला नंबर). आणि अक्षरं दिसतायत पण टाइप केलेलं जात नाही, तर टर्मिनलमधलं फ्लो कंट्रोल (समोरच्याला 'थांब', 'पाठव' सांगायची सोय) 'नन' करून बघा, बरेचदा तिथंच गाडी अडते.

मग बूटलोडरमध्ये शिरायचं. कॅटॅलिस्ट २९६० सारख्या सिस्कोच्या जुन्या मॉडेलांवर पुढचं मोड बटण दाबून धरून वीज द्यायची, मग 'स्विच' आणि कोलन असा प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) येतो. तिथं आधी फ्लॅश जागी करायची कमांड द्यायची (फ्लॅश, अंडरस्कोर, इनिट), मग डायरेक्टरी बघायची, दुसरी धड इमेज पडलेली असेल तर तिच्यावरूनच बूट करून मोकळं व्हायचं. नसेल तर फाइल सिरीयलवरूनच चढवायची, एक्समोडेमने. हा प्रोटोकॉल वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिला आणि आजही मेलेल्या स्विचला तोच उठवतो, मला याचं दर वेळी कौतुक वाटतं. १२८ बाइटचा एक घास भरवायचा, समोरच्याने 'पोचला' म्हणायचं, मगच पुढचा घास. समोरचा नाही म्हणाला तर तोच परत.

या घासाघासाचा हिशोब आधी करा नाहीतर माझ्यासारखी रात्र जाते. ९६०० वर सेकंदाला ९६० बाइट जातात (इथं एका बाइटला दहा बिट लागतात), म्हणजे १० एमबीची फाइल सगळं धड चाललं तरी तीन तासांच्या वर खाते. मी ती तशीच लावून बसलो आणि अडीच तासांनी लॅपटॉप झोपला!! स्लीप मोड. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मात्र शहाणपणा केला, प्रॉम्प्टवरच स्पीड ११५२०० केला, त्या क्षणी स्क्रीनवर परत कचरा आला (घाबरू नका, टर्मिनललाही तोच स्पीड द्यायचा), आणि तीच फाइल वीसेक मिनिटांत चढली. टेरा टर्म या टर्मिनलमध्ये एक्समोडेम पाठवायची सोय मेनूतच आहे, पुट्टी या दुसऱ्या टर्मिनलमध्ये ती नाही, हेही मला ऐन वेळी कळलं. फाइलचा एमडी५ (फाइल धड आहे का ते ओळखायचा आकडा) जुळवून बघा आणि मगच बूट करा, एवढी मेहनत करून घाई करू नका.

केबलबद्दल एक इशारा. काही छोट्या स्विचमध्ये कन्सोल पोर्टच नसतो, आत बोर्डावर तीन-चार पिना असतात, त्या ३.३ व्होल्टच्या. त्यांना साधी आरएस-२३२ ची (नेहमीच्या सिरीयल पोर्टची) केबल जोडाल तर तिच्यातले उणे-अधिक ५-१० व्होल्ट तिकडे जाऊन बोर्ड खरोखरच मरेल. आणि बूटलोडरच खराब झाला असेल तर कन्सोलवर एक अक्षर येणार नाही, तिथं चिप बाहेरून लिहावी लागते, ते ज्याला जमतं त्याच्याकडेच द्या.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. स्विच बंद पडल्यावर इमेज डाउनलोड करायला गेलो तर कंपनीच्या साइटवर आधी सपोर्टचा करार दाखवा म्हणे. अहो, स्विच आम्ही विकत घेतलाय, त्यात चालत होती तीच फाइल परत मागतोय! शेवटी आमच्याच एका जुन्या बॅकअपमध्ये ती मिळाली म्हणून निभावलं. तेव्हापासून अपडेट करायच्या आधी चालू इमेज उतरवून ठेवतो आणि स्विचच्या अंगावर कन्सोलचा स्पीड लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. कारण त्या रात्री काम झाल्यावर ११५२०० परत ९६०० करायचं मी विसरलो, आणि महिन्याभराने सहकारी कचरा दिसतोय म्हणून तोच स्विच मेला असं सांगत माझ्याकडे घेऊन आला.

तेवढी लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापा ही विनंती.

आपला,
नेटवर्क सांभाळणारा एक वाचक