निर्वात जपानी डब्यातील दोष व नाकारलेली वॉरंटी यांबाबत तक्रार

पुणे
दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई

विषय : स्टीलच्या बाहेरील भांड्यातील निर्वात पोकळी निकामी झाल्याने डबा बदलून मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून दि. ९ जून २०२५ रोजी मी जपानी पद्धतीचा उष्णतारोधक जेवणाचा डबा ४,२५० रुपयांना विकत घेतला. बाहेर दुहेरी भिंतीचे, भिंतींमधली हवा काढून घेतलेले (म्हणजे निर्वात पोकळीचे) स्टीलचे भांडे आणि त्यात एकावर एक बसणाऱ्या तीन वाट्या, तळाशी आमटीची, मध्ये भाताची आणि वर कोरड्या भाजीची, अशी त्याची रचना आहे. आपल्या वॉरंटी कार्डावर बाहेरील भांड्याच्या निर्वात पोकळीसाठी एक वर्षाची हमी छापलेली आहे. देयक आणि कार्ड यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. सकाळी साडेसहाला डबा भरून पावणेसातची बस पकडायची आणि साडेबाराला जेवायचे, असा माझा दिनक्रम असल्यामुळे अन्न डब्यात बरोबर सहा तास राहते. पहिले दोन महिने डब्याने चोख काम केले. इंद्रायणीचा चिकट भात दुपारी उघडल्यावर वाफाळत असे आणि वरणावर तूप सोडले की ते लगेच विरघळत असे. ऑगस्टच्या मध्यापासून मात्र भात कोमट लागू लागला आणि दि. २२ ऑगस्ट रोजी आमटीला आंबूस वास येऊन भाताला तार सुटलेली आढळली. ते सगळे अन्न मला टाकून द्यावे लागले. कोमट पडलेले अन्न गार अन्नापेक्षाही लवकर बिघडते, आणि म्हणूनच हॉटेलांना लागू असलेल्या अन्नसुरक्षा नियमांत गरम वाढायचे अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवण्यास सांगितलेले आहे. हा डबा मी विकत घेतला तो नेमक्या याच कारणासाठी.

दि. २५ ऑगस्ट रोजी मी आपल्याकडे लेखी तक्रार केली. तिची पोच मला सात दिवसांनी मिळाली. त्यानंतर डबा न पाहताच आपण झाकणाची नवी रबरी रिंग कुरियरने पाठवलीत. ती बसवूनही फरक पडला नाही, तेव्हा डब्यात आधी उकळते पाणी घालून ठेवावे, असा सल्ला फोनवर देण्यात आला. माहितीपत्रकात तसे लिहिलेले असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून पाच मिनिटे उकळते पाणी घालून, ते ओतून टाकल्यावरच वाट्या आत ठेवत आले आहे, हे मी त्या वेळीही सांगितले होते. अखेर दि. २० सप्टेंबर रोजी मी स्वतः डबा घेऊन आपल्या पुण्यातील सेवा केंद्रात गेले.

तेथे जे घडले त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तपासणी शुल्क म्हणून २५० रुपये घेतल्यानंतर तेथील कर्मचाऱ्यांनी डबा उघडला, आतल्या प्लास्टिकच्या वाट्यांना लागलेला पिवळा रंग पाहिला आणि ‘अयोग्य वापर, वॉरंटी लागू नाही’ अशी चिठ्ठी लिहून दिली. बाहेरच्या भांड्यात पाणी घालून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. तो पिवळा रंग हळदीचा आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या जेवणाच्या डब्यात वरण आणि आमटी जाणारच आणि त्या दोन्हींत हळद असणारच. हा जर अयोग्य वापर असेल, तर योग्य वापर कोणता हे खोक्यावर छापायला हवे होते. तो डाग दोन दिवस कडक उन्हात ठेवला की बराचसा उतरतो, हे आमच्या घरी लहान मुलांनाही माहीत आहे. मुख्य म्हणजे वाटीच्या डागाचा आणि स्टीलच्या दोन भिंतींमधील निर्वात पोकळीचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

सेवा केंद्राने न केलेली तपासणी म्हणून मी घरी केली. माझ्या सहकारी बाईंनी मी डबा घेतला त्याच आठवड्यात असाच डबा घेतला होता. रविवारी, दि. ५ ऑक्टोबर रोजी, वाट्या काढून दोन्ही भांडी सारखीच तापवून घेतली, दोन्हींत ९५ अंशांचे पाणी समान पातळीपर्यंत भरले आणि झाकणे लावली. खोलीचे तापमान २८ अंश होते. दहा मिनिटांत माझ्या भांड्याची बाहेरची बाजू हाताला स्पष्ट गरम लागू लागली, त्यांचे भांडे मात्र बाहेरून गारच होते. सहा तासांनी त्यांच्या भांड्यातील पाणी ६६ अंश, तर माझ्या भांड्यातील पाणी ४३ अंश भरले. पोकळीत हवा शिरली की आतली उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचते, आणि भांडे बाहेरून तापणे ही त्याची उघड खूण आहे. माझ्या भांड्याला कोठेही पोचा नाही, ते पडलेले नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही कधी ठेवलेले नाही. तेव्हा हा दोष तळाच्या किंवा काठाच्या जोडात, म्हणजे निर्मितीतच आहे, असे माझे मत आहे. दोन्ही भांड्यांची छायाचित्रे सोबत आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या तक्रारीला आज दीड महिना उलटून गेला आहे. तरी आपण बाहेरील भांडे बदलून द्यावे, आणि ते उपलब्ध नसल्यास डब्याची पूर्ण किंमत परत करावी. तपासणीचे २५० रुपये मला दोन्ही परिस्थितींत परत हवे आहेत, कारण तपासणी झालेलीच नाही. आणखी एक रबरी रिंग कृपया पाठवू नये.

जाता जाता एक सूचना करते. वरच्या भाजीच्या वाटीला निर्वात भिंतीचे संरक्षण नाही, ती साध्या तापमानालाच राहते आणि जपानी पद्धतीत तेच अपेक्षित असते. आपल्या जाहिरातीत मात्र तिन्ही वाट्यांवर वाफ काढलेली आहे. ते चित्र बदलावे आणि वापराच्या सूचना मराठीतही द्याव्यात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत निर्णय न कळवल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तेथे शुल्क नाही, त्यामुळे रक्कम लहान म्हणून मी हा विषय सोडून देईन असे कृपया समजू नये.

डबा धुऊन, वाळवून मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. सकाळी साडेसहानंतर घरी कोणी नसते, त्यामुळे तो नेण्यासाठी माणूस रविवारी पाठवावा.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)

सोबत : देयक, वॉरंटी कार्ड, सेवा केंद्राची चिठ्ठी व शुल्काची पावती यांच्या प्रती, छायाचित्रे