अवधानच्या पत्रेवाल्या भाऊंना रामराम

भाऊ, नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण धुळ्याजवळच्या अवधान एमआयडीसीतल्या तुमच्या शेडमधून वडिलांची जुनी जीप पारोळ्याला आणल्यापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. आत्ता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

डॅशबोर्डला पत्रा कोणता घ्यावा, एवढंच मी सगळीकडे विचारत होतो. एकाने चकचकीत स्टेनलेस गळ्यात मारायला पाहिलं. आपला खान्देशातला मे महिना, पारा 45 च्या घरात, आणि समोर आरसा! दुसऱ्याने 'स्वस्तात बसवतो' म्हणत जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा काढला. वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो नि साधा रंग त्यावर टिकत नाही, हे मात्र गिळून टाकलं. तिसऱ्याने 6061-टी6 या कडक जातीचं अ‍ॅल्युमिनियम काटकोनात दुमडलं. घडीवर तडा गेला, तर म्हणे पुट्टी भरून देतो. पैसे पूर्ण घेतले.

तुम्ही भाव सांगायच्या आधी भंगारातल्या दोन पट्ट्या व्हाइसमध्ये धरून माझ्यासमोर वाकवल्या. अ‍ॅल्युमिनियमच हवं असेल तर 5052 जातीचं घ्या, ते नीट दुमडतं, वजनही लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. पण तुम्हाला जीपच्या जुन्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या आहेत, तर 18 गेज जाडीचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला लोखंडी पत्रा बरा, म्हणालात. महागडा माल शेडमध्ये पडून होता, तरी! मीटर बसवायला 52 मिलिमीटरची भोकं, वर मॅट काळा रंग, सगळं ठरल्यासारखं झालं.

मनात राहिलंय ते वेगळंच. 'पुढं लेकरं बसतात का?' तुम्ही विचारलंत. मी हो म्हणालो. मग डॅशबोर्डचा खालचा काठ, जो कुणाच्या नजरेलाही पडत नाही, तो तुम्ही आत दुमडलात, कानस मारलीत आणि हातमोजा काढून उघडा तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलात. मध्येच एका जागी थांबलात. परत कानस. बिलात त्याचा एक रुपया नाही.

विहिरीवरची मोटार उघडून 'हिला काही झालेलं नाही, घरी न्या' म्हणणारा एक वायरमन आमच्या गावात होता, त्याची आठवण आली. असे चार लोक आहेत म्हणून आम्ही अजून अनोळखी दुकानाची पायरी चढतो.

वायरिंग झालं की जीप दाखवायला आणतो. शेवभाजी आमच्या घरची, आणि त्या दिवशी 'राहू द्या' चालणार नाही.