ब्रिटनमध्ये रेडवूड जास्त? हिशोब नीट करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रेडवूडच्या, म्हणजे मूळ कॅलिफोर्नियातल्या त्या प्रचंड उंच झाडांवरचा लेख वाचला. हेडिंग होतं की कॅलिफोर्नियापेक्षा जास्त रेडवूड आता ब्रिटनमध्ये आहेत, आणि शेवटी लिहिलंय की त्यामुळे आता या झाडाची काळजी नाही. मी बरीच वर्षं इकडे रीडिंगला राहतोय, ही झाडं येताजाता बघतो, मला आवडतात पण खूप, तरी हा हिशोब काही पटला नाही बुवा.

एकतर लेखातला ब्रिटनमधल्या पाच लाख झाडांचा आकडा हा अंदाज आहे आणि त्यात लहानमोठी सगळी झाडं आली, रेडवूडच्या वेगवेगळ्या जाती आल्या, जायंट सिक्वोया आली, कोस्ट रेडवूडही आली. कॅलिफोर्नियाचे म्हणून जे 80 हजार छापलेत ते फक्त जायंट सिक्वोयाचे, आणि त्यातही पूर्ण वाढलेल्या झाडांचे. कोस्ट रेडवूडची तिकडे समुद्राकाठी जंगलंच्या जंगलं आहेत, ती धरलीच नाहीत. मग तुलना कशाची कशाशी केली?

इकडे जायंट सिक्वोया आली 1853 मध्ये. विल्यम लॉब नावाचा माणूस एका नर्सरीसाठी बी गोळा करत फिरायचा, त्याने कॅलावेरासच्या झाडीतून बी आणलं आणि मग श्रीमंत लोकांमध्ये बंगल्यापुढे हे झाड लावायची चढाओढच लागली. ड्यूक ऑफ वेलिंग्टन नुकताच वारला होता म्हणून नाव ठेवलं वेलिंग्टोनिया. (हा तोच वेल्स्ली बरं का, 1803 ला आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. कॅलिफोर्नियातल्या झाडाचा याच्याशी काय संबंध ते तेच जाणोत.) आमच्या जवळ फिंचॅम्पस्टेडला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हीच झाडं आहेत. साल काथ्यासारखी मऊ, बुक्की मारली तरी हाताला लागत नाही, आणि नीट बघितलं तर सालीत जागोजागी अंड्याएवढे खळगे दिसतात. ते ट्रीक्रीपर नावाचा चिमणीहून लहान पक्षी करतो, थंडीत रात्री त्यात अंग चिकटवून झोपतो. म्हणजे पक्ष्याने झाड आपलंसं केलं, पण झाडाने ही जमीन आपलीशी केली का, प्रश्न तो आहे.

तर नाही केली. वाढ म्हणाल तर जोरात आहे, 2024 मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी लेसरने मोजून सांगितलं की मूळ जागेसारखीच वाढतात, स्कॉटलंडच्या बेनमोरला 1863 ची लावलेली रांग आहे त्यातली काही 50 मीटरच्या वर गेलीत. पण त्या झाडांखाली जाऊन बघा, पिल्लू रोप सहसा सापडत नाही. या झाडाची बोंडं वर्षानुवर्षं बंद राहतात, खालून आग गेली की त्या धगीने सुकून उघडतात आणि बी पडतं ते पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातीत. इंग्लंडच्या ओल्या हिरवळीवर हे होणार कसं. इथलं जवळपास प्रत्येक झाड माणसाने लावलेलं आहे, माणसाने लावायचं थांबवलं की विषय संपला.

आणि तिकडे परिस्थिती बिकट आहे हो. 2020 आणि 2021 च्या वणव्यांत मोठ्या जायंट सिक्वोयांपैकी 13 ते 19 टक्के मेले असा तिथल्या पार्क खात्याचा अंदाज आहे. ज्याला बी रुजवायला आग हवी असते तेच झाड आगीने मरतंय, कारण शंभर वर्षं छोट्या आगी विझवत राहिले, खाली सरपण साठलं, वर दुष्काळ, मग आग शेंड्यापर्यंत जाते. हजार-दोन हजार वर्षांची झाडं गेली. त्यांच्या बदल्यात आमच्या इकडचं, बर्कशायरमधलं दीडशे वर्षांचं झाड दाखवायचं, हे मला तरी बरोबर वाटत नाही. लावू नका असं नाही म्हणत मी, खुशाल लावा, कार्बन धरतात, शोभा आहे, फक्त त्याला जंगल वाचवलं म्हणू नका. आणि छोट्या बागेत तर नकोच, इथे गार्डन सेंटरला कुंडीत गोंडस रोप मिळतं, लोक घराला लागून लावतात, पुढे नातवंडांनी निस्तरायचं.

पुढच्या अंकात छोटा खुलासा छापलात तर बरं होईल. जमलं तर फोटोपण बदला, लेख सगळा जायंट सिक्वोयाचा आणि फोटो कोस्ट रेडवूडचा लागलाय.

आपला,
एक वाचक, रीडिंग (इंग्लंड)