डाव्या कानाशेजारची जागा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, आधी रागावू नका. तुमच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख मी ठरवून टाकली आहे. टिळकवाडीतल्या डॉक्टरांशी बोललो, पैसेही भरले. तुम्हाला विचारलं असतं तर 'पावसाळा जाऊ दे' म्हणाला असतात. असे दोन पावसाळे गेले. थेंब घालून डोळा बधिर करतात, संध्याकाळी तुम्ही घरी. मला रजा मिळाली नाही, हे लिहिताना फार लागतंय. ताई खानापूरहून आदल्या दिवशीच येईल, आठ दिवस राहील.

घाई का केली सांगतो. रविवारी इथे लंडनला नॅशनल गॅलरीत डच चित्रकार रेम्ब्रांटच्या आत्मचित्रासमोर उभा होतो. 1669 सालचं, त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःचं काढलेलं. त्याच ऑक्टोबरात तो गेला. 1656 मध्ये दिवाळं निघालेलं, मुलगा टायटस आदल्याच वर्षी गेलेला. तरी डोळ्यांखालच्या पिशव्यासुद्धा त्याने झाकल्या नाहीत. क्ष-किरणांत दिसलंय, आधी त्याच्या हातात ब्रश होता. मग तो रंगाखाली घालवून त्याने हात नुसते गुंफले. ते वाचलं आणि माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं तुमचं अर्धं चित्र डोळ्यांपुढे आलं.

बाबा, पांढरा आणि पिवळा वेगळे कळेनात म्हणून तुम्ही ब्रश धुऊन ठेवलात. पण के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली घडलेला हात कुठे गेलेला नाही. मोतीबिंदूत सगळंच पिवळट दिसतं.

लहानपणी तुम्ही स्वतःचं चित्र काढताना आरसा मी धरायचो. हात भरून आला की गूळ-शेंगदाणे द्यायचात. आरशाच्या कोपऱ्यात आईने चिकटवलेली टिकली तुम्ही त्या जुन्या चित्रात तशीच रंगवलीत, डाव्या कानाशेजारी लाल ठिपका. आई केवढी लाजली होती! माळ्यावरच्या अर्ध्या चित्रात ती जागा कोरीच आहे. दिवाळीत मी गुपचूप पाहिलं.

आता ऐका. साखर आधी आटोक्यात हवी, म्हणून आई, कुंद्याच्या मिठाईचा डबा कपाटात वरच्या फळीवर. नंतर डोक्यावरून आंघोळ नाही, वाकणं नाही, माळ्यावर चढणं तर नाहीच. चित्र ताई खाली आणेल. थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवा. उशाशी जाड रजई घ्या, पहाटे गारठा असतो. खर्चाचं मनात आणू नका, शहापूरच्या घराच्या वेळी तुम्ही कुठे आणलं होतंत?

आई, तो आरसा पुसून ठेव. आणि कोपऱ्यात एक टिकली लावून दे.

तुमचा,
बाळ्या