काका, तुम्ही माल परत केलात त्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव कुठे टाकत नाहीये, टाकलं तर "उगाच फोन येतात" म्हणून दोन दिवस बोलणार नाही हे माहितीये. नारायण पेठेतले प्रेसवाले काका म्हणलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. आणि हे तुम्ही स्वतः वाचणार नाहीच, चष्मा गल्ल्यात आहे का मशीनवर हे तुम्हाला आजतागायत सापडलेलं नाही, म्हणून नातीला सांगून ठेवलंय की आजोबांना चारच्या चहाला वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

तर आभार मानायचेत. कशाचे, तर २०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदा ५०० आहेराची पाकिटं करून तुमच्याकडे आणली होती आणि तुम्ही त्यातली १८० परत केलीत, त्याचे.

तेव्हा मला इतका राग आला होता ना. म्हणजे विचार करा, आम्ही चौघं-पाच जण, माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक, एका दादाला सेरेब्रल पाल्सी, उजवा हात उघडतच नाही, एक मुलगी डिस्लेक्सियावाली जिने दहावीनंतर शाळेचं नावच टाकलं, एक ताई ज्यांना ऐकू येत नाही, सगळ्यांनी माझ्या हॉलमध्ये बसून तीन आठवडे घड्या घातल्या, खळ लावली, आणि हा माणूस एकेक पाकीट उजेडात धरून बाजूला काढतोय. खळ बाहेर आलीये. घडी तिरकी. ही दोन चिकटलीत एकमेकांना. हे तर बंदच होत नाही, रुपया पडेल ना यातून. मी म्हणलं काका, यांनी किती कष्टाने केलंय. तुम्ही वर न बघता म्हणालात, "कष्ट गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, डाग दिसतो."

घरी येऊन रडले. खरं सांगते. आणि धाकट्याने ती १८० पाकिटं परत मोजली, १७९ भरली, आणि तो दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायचा हट्ट धरून बसला कारण तुमचा आकडा चुकला होता.

त्याच्या आधी आमचा कुठलाच माल कोणी परत केला नव्हता हे मला फार उशिरा लक्षात आलं. प्रदर्शनात स्टॉल लावायचो, वर बोर्ड 'विशेष मुलांनी बनवलेल्या वस्तू', लोक यायचे, वस्तू हातात न घेताच पैसे काढायचे, "छान छान, खूप छान काम करताय हो तुम्ही" असं मलाच म्हणायचे, करणारा बाजूला बसलेला असायचा त्याला नाही. आणि परत कधी यायचे नाहीत. एकाही गिऱ्हाइकाचा दुसऱ्यांदा फोन आलेला मला आठवत नाही. तो बोर्ड तुम्ही एकदा बघितलात आणि विचारलंत यातली मुलं कोण? मी दाखवलं. तुम्ही म्हणालात अगं ते एक्केचाळीस वर्षांचे आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे... असंच काहीतरी बोललात, आणि ते दादा इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. बोर्ड त्या दिवशी गेला. आता पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात चित्र कोणाचं, अक्षर कोणाचं एवढंच छापतो, सिनेमाच्या पाटीसारखं.

दादांसाठी तुम्ही केलेला तो पाट. मी यूट्यूबवरून काय काय महागडे ग्रिप आणि क्लॅम्प शोधत बसले होते, एकाची किंमत तर आमच्या महिन्याच्या कागदापेक्षा जास्त, आणि तुम्ही माळ्यावरून जुना बसायचा पाट काढलात, त्यावर काटकोनात दोन पट्ट्या ठोकल्यात आणि म्हणालात कागद यात सरकवायचा, मग हलणारच नाही, दुसरा हात लागतोच कशाला. पाच मिनिटांचं काम. आता तसे सहा पाट आहेत आणि सगळेच त्यावर काम करतात, मीसुद्धा, कारण माझीच घडी सगळ्यात तिरकी येत होती हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत (ते गाळलं असतंत तरी चाललं असतं).

आणि कटिंग मशीन. धाकट्याला तो आवाज सहन होत नाही, कानावर हात ठेवून खाली बसायचा, मी म्हणलं याला प्रेसमध्ये आणायलाच नको. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या आठवड्यापासून आमचं कटिंग सकाळी नऊलाच उरकायला लागलात, तो यायच्या आधी. हे मला तुमच्या कामगाराने सांगितलं, तुम्ही नाही.

डिस्लेक्सियावालीचं तर मी कितीदा लोकांना सांगितलंय. तिचं अक्षर ब्रशने काढलं की बघत राहावं असं, पण मधेच 'भ' चा 'म' होतो, वेलांटी पलीकडे जाते, कधी अख्खं अक्षर उलटं पडतं, मग ती कागद फाडायची. तुम्ही तिला कपाटातून छपाईचे जुने शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, काढून दाखवलेत. सगळी अक्षरं उलटी. म्हणालात आमच्याकडे खिळे जुळवणारी माणसं अख्खं पान उलटं वाचायची, उलटं वाचता येणाऱ्याला आम्ही पगार देऊन ठेवायचो. ती दोन तास त्या खणांसमोरून हलली नाही. वाचायला तिला अजूनही त्रास होतोच, त्यात जादू वगैरे काही झालेली नाही, शुद्धलेखन दुसरं कोणीतरी तपासतंच. पण कागद फाडणं थांबलं. आणि तसंही 'शुभाशीर्वाद' मधली 'शी' दीर्घ हे मला तरी कुठे माहीत होतं, तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रिकांवर र्‍हस्व असते म्हणालात.

मग पैशाचं. मी ठरवलं होतं सगळ्यांना महिन्याला थोडं मानधन देऊ. मला वाटलं केवढा चांगला शब्द. तुम्ही विचारलंत मानधन म्हणजे किती आणि कशाचं? नग किती, दर किती, लिहिलंय कुठे? शंभरपानी वही दिलीत, रकाने आखून दिलेत. घडीचा दर वेगळा, चिकटवायचा वेगळा, आणि ज्याचं चित्र त्याला छापलेल्या प्रत्येक पाकिटामागे १ रुपया, मग ते विको न विको. मी त्या काळात अमेरिकेतल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथबद्दल वाचत होते, १९७४ पासून अपंग कलाकारांचा स्टुडिओ चालवतात, त्यांच्याकडे ज्युडिथ स्कॉट म्हणून एक बाई होत्या, डाउन सिंड्रोम, ऐकू येत नव्हतं, १९८७ मध्ये आल्या, जवळजवळ दोन वर्षं कशातच रमल्या नाहीत, मग हातात धागा आला आणि त्यातून अशी शिल्पं झाली की मोठमोठ्या म्युझियमनी ठेवून घेतली. मी हे तुम्हाला इतक्या भारावून सांगितलं आणि तुमचा प्रश्न काय, तर "दोन वर्षं भाडं कोणी भरलं?" मी चिडले होते. पण काका तोच प्रश्न खरा होता, कारण ज्युडिथबाईंना ती दोन वर्षं मिळाली म्हणून पुढचं झालं, आणि आमच्याकडे ती देणारं कोणी नव्हतं तर पाकिटांनीच ती कमवायला हवी होती. आता महिन्याच्या विक्रीतून थोडे बाजूला काढतो, नवीन कोणी आलं की पहिले सहा महिने नुसतं बसलं, चिखल केला, काहीच केलं नाही तरी चालतं. दोघं जण सध्या तसेच आहेत.

चेक तुम्ही ज्याच्या त्याच्या नावाने काढलेत, माझ्या नाही. मी म्हणलं धाकट्याचं खातंच नाहीये. "मग काढा." एवढं सोपं वाटतं तुम्हाला! बँकेत आधी गार्डियनशिपचं, म्हणजे कायदेशीर पालक नेमल्याचं, सर्टिफिकेट मागितलं, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा, त्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची समिती, तिथून आणा म्हणे. आता ज्याला गरज आहे त्याच्यासाठी ती सोय आहेच, पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कलम १३ आहे, अपंग माणसालाही इतरांसारखेच स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळायचा हक्क आहे असं त्यात स्पष्ट म्हणलंय. त्याची प्रिंट घेऊन तीन खेपा घातल्या. सही दर वेळी वेगळी येते हे कारण. चौथ्या खेपेला तुम्ही दुकान बंद करून आलात, भर लग्नसराईत, आणि काउंटरवर एवढंच म्हणालात की माझ्या आजीने जन्मभर अंगठा दिला, तिचे पैसे नाही का दिलेत तुम्ही? खातं निघालं. अंगठ्यावर. पासबुक तो उशाखाली घेऊन झोपतो आणि व्याज जमा झालं की घरभर सांगतो, आईचे व्याज किती हेही विचारतो.

उद्यम रजिस्ट्रेशनसाठी, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीसाठी, एजंट २,५०० मागत होता ते तुम्हीच थांबवलंत, फुकट असतं म्हणून. खरंच फुकट होतं, आधार घेऊन बसले, अर्ध्या तासात झालं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन कागद हाताने चाचपून घ्यायलाही तुम्हीच शिकवलंत, नाहीतर मी ऑनलाइन फोटो बघून मागवत होते.

आणि शेवटचं म्हणजे पंखे. धाकटा फक्त पंखे काढतो, छताचे, टेबलाचे, एक्झॉस्ट, कार्यालयातले ते लांब दांड्याचे. मी चार वर्षं त्याला गणपती काढ, मोर काढ, कलश काढ म्हणत होते कारण आहेराच्या पाकिटावर पंखा कोण घेणार. तुम्ही ते चित्र बघितलंत आणि म्हणालात, मे महिन्यातल्या लग्नात पंख्याहून शुभ काय असतं गं? हेच छाप. छापलं. गणपतीपेक्षा जास्त खपतं काका ते, अजूनही, आणि दुसऱ्यांदा फोन करणारी गिऱ्हाइकं त्यावरच मिळाली. एक बाई तर फक्त टेबलफॅनवालंच पाहिजे म्हणून थांबून राहिल्या.

मागच्या आठवड्यात तो तुमच्याकडे दोन तास मान वर करून बसला होता ना, तो तुमच्या प्रेसमधला पंखा काढत होता, एक पातं वाकलंय ते वाकलेलंच काढलंय आणि खाली तारीख घातलीये. मूळ चित्र फ्रेम करून तुम्हाला द्यायचं मी ठरवलं होतं, भेट म्हणून. तो नाही म्हणाला. चित्राला दर असतो, काकांनीच सांगितलंय म्हणे. त्यामुळे फ्रेम माझ्याकडून आणि चित्राचं बिल सोबत पाठवलंय, चेक त्याच्याच नावाने काढा, आणि ते पातं एकदा सरळ करून घ्या.

तुमची,
तिरक्या घडीवाली